साठ एकर गायरान: बांबू लावायचा, सोलर बसवायचे की माळ तसाच ठेवायचा?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. काटोल तालुक्यातल्या तुमच्या गावाला साठ एकर गायरान आहे आणि तुम्ही ग्रामपंचायत सदस्य आहात. एक मध्यस्थ म्हणतो, तीस वर्षांचा करार करा, कार्बन क्रेडिटसाठी, म्हणजे झाडांनी शोषलेल्या कार्बनचे प्रमाणपत्र विकण्यासाठी, बांबू आणि भराभर वाढणारी झाडे लावतो. दुसरीकडून शेतीच्या फीडरसाठी (शेतीला वीज पुरवणाऱ्या वाहिनीसाठी) सोलर प्रकल्पाला जागा मागितली जाते आहे. दोघेही हवामान बदलाचेच नाव घेतात. तुम्ही मात्र लहानपणापासून त्या माळावर तितर, ससे, कोल्हे पाहिलेत. म्हणून तुमचा प्रश्न असा, की कार्बन कमी करायचा तर जैवविविधतेवर थोडे पाणी सोडावेच लागते का, आणि धोरण ठरवणारे हा तोल साधतात तरी कसा?

नागपुरात राहून विदर्भातल्या पडीक जमिनी, माळ आणि उजाड झालेली जंगले यांवर काम करायला लागून मला पंचवीसेक वर्षे झाली. तुमची जमीन मी पाहिलेली नाही. त्यामुळे अमुक करा असे इथून सांगणार नाही. पण निर्णय कोणत्या क्रमाने घ्यायचा हे मला आता पक्के कळले आहे, आणि ते मी एक मोठी चूक करून शिकलो आहे.

‘तोल’ हा शब्द ऐकला की एका पारड्यात कार्बन आणि दुसऱ्यात पशुपक्षी असा तराजू डोळ्यांसमोर येतो. माझ्या मते गोंधळाची सुरुवात तिथेच होते, कारण या दोन वस्तू एका जातीच्या नाहीत. कार्बन डायऑक्साइडचा एक टन नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीतून कमी झाला काय, चंद्रपुरात झाला काय किंवा जर्मनीत झाला काय, हवेला फरक पडत नाही. हा टन इथे नाही जमला तर तिथे वाचवता येतो. तुमच्या माळावरच्या गवताचे तसे नाही. ते तिथेच आहे. ते गेले तर त्याच्या बदल्यात दुसऱ्या तालुक्यात दुसरे उभे करता येत नाही. म्हणून आधी जागा बघायची, तिथे काय जिवंत आहे ते ओळखायचे आणि मग त्या जागेत कार्बनचे काय बसते ते ठरवायचे. बहुतेक योजनांमध्ये हा क्रम नेमका उलटा असतो. आधी उद्दिष्ट येते, इतकी लाख रोपे किंवा इतके मेगावॉट, आणि मग ‘रिकामी’ जमीन शोधायला माणसे निघतात.

माझी चूक सांगतो. कामाला लागून दोन-तीन वर्षे झाली असतील. मी ज्या संस्थेत होतो तिने हिंगण्याच्या बाजूचा एक उघडा माळ हिरवा करायला घेतला होता. आम्ही सलग समतल चर खोदले आणि सुबाभूळ, ग्लिरिसिडिया, साग लावला. गावकऱ्यांनी मन लावून राखण केली. तिसऱ्या वर्षी जिवंत रोपांचे प्रमाण इतके चांगले होते, की लोकांना तिथे आणून काम दाखवायचो. आठ वर्षांनी मी एकटाच तिथे गेलो. ग्लिरिसिडियाखाली गवताची काडी नव्हती, कडेने रायमुनिया आणि रानतुळस माजली होती. पूर्वी त्या माळावर चालताना दर वीस-पंचवीस पावलांवर चंडोल उडायचा. त्या दिवशी सकाळभर फिरलो, एकही उठला नाही. गावातले एक म्हातारे ढोरकी भेटले. ते एवढेच म्हणाले, “साहेब, झाडं चांगली झाली, पण ढोरं आता जंगलात न्यावी लागतात.” आमच्या अहवालात ते काम यशस्वी म्हणून नोंदले गेले होते, कारण अहवालात रोपांसाठी रकाना होता, चंडोलासाठी नव्हता आणि ढोरक्यासाठीही नव्हता.

म्हणून आता कुठल्याही माळावर गेलो की आधी गुडघ्यावर बसतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी काठ्यांची चौकट टाकतो आणि तिच्या आत काय काय आहे ते मोजतो. कोजागिरीच्या सुमारास चांगल्या माळावरच्या एका चौकटीत मारवेल, पवन्या, कुसळी, तिखाडी आणि त्यांच्या मधे जमिनीलगतच्या द्विदल वनस्पती अशा दहा-पंधरा जाती सहज सापडतात. मग सब्बल घेऊन फूटभर खोल ढेकूळ काढतो. ते हातात घेऊन फोडायचा प्रयत्न करून बघा, लवकर फुटत नाही. मुळांनी ते शिवून टाकलेले असते, आणि खालच्या मुरमाच्या भेगांतही ती मुळे केसासारखी उतरलेली दिसतात. शेजारी हातभर उंचीचा पळस असेल तर त्याच्या बुडाशी उकरा. वर दोन-चार पानांच्या फांद्या आणि खाली मनगटाएवढे जाड मूळ. दरवर्षी चरला जातो, कधी जळतो आणि पावसात परत फुटतो. वरून ज्याला आपण झुडूप म्हणतो, त्याचे वय तुमच्या-माझ्याएवढे असू शकते.

हे कार्बनच्या हिशेबातही महत्त्वाचे आहे. गवताळ माळाचा कार्बन बहुतांशी जमिनीखाली असतो. उन्हाळ्यात वणवा लागला तर वरचे गवत जळते, खालचा साठा राहतो. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे हा वणव्यांचा काळ. लागवडीतल्या झाडांचा कार्बन मात्र वर उभा असतो आणि एका आगीत त्यातला बराच हवेत जातो. माळ नांगरला, जेसीबीने सपाट केला किंवा खड्ड्यांनी चाळून काढला तर खालचाही सुटतो. त्यामुळे लागवडीचा करार समोर आला, की जुन्या साठ्यातून किती गमावणार हे आधी विचारा. मला आलेल्या प्रस्तावांमध्ये हा आकडा क्वचितच असतो.

आता मोठा हिशेब करू, कारण धोरणाचे मर्म त्यात आहे. आपल्याकडच्या मुरमाड, कोरडवाहू जमिनीवर चांगले वाढणारे तरुण जंगल हेक्टरी वर्षाला ६ टन कार्बन डायऑक्साइड शोषते असे मी धरतो. बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्षात याहून कमीच भरते. तुमचे साठ एकर म्हणजे २४ हेक्टर. सगळे लावले आणि सगळे जगले तरी वर्षाला साधारण १४४ टन. आता सोलर घ्या. १ मेगावॉटला चार-पाच एकर जागा लागते आणि वर्षाला सुमारे १५ लाख युनिट वीज मिळते. आपल्या ग्रिडवरच्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे १ मेगावॉट वर्षाला हजारेक टन वाचवते. दहा एकरांवरचे सोलर साठ एकरांवरच्या झाडांच्या चौदापट काम करते.

हाच हिशेब दुसऱ्या टोकाकडून करू. कोराडीला ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. त्यातला एक संच सत्तर टक्के क्षमतेने वर्षभर चालला तर सुमारे ४०० कोटी युनिट वीज होते आणि कोळशाच्या एका युनिटमागे ०.९ किलो धरून ३६ लाख टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो झाडांनी शोषून घ्यायचा म्हटले तर हेक्टरी ६ टनांप्रमाणे ६ लाख हेक्टर वाढते जंगल लागेल. अख्खा नागपूर जिल्हा ९.९ लाख हेक्टरांचा आहे. शेती, गावे, शहर, संत्र्याच्या बागा, पेंच, सगळे धरून. एका संचासाठी निम्म्याहून जास्त जिल्हा!

यातून मी दोन गोष्टी घेतो. पहिली, कार्बन कमी करण्याचे खरे काम कोळसा कमी जाळण्याने होणार आहे, रोपे लावण्याने त्याची भरपाई होणार नाही. दुसरी आणि तुमच्या कामाची अशी, की सोलरला लागणारी जागा त्याच्या फायद्याच्या मानाने थोडी असल्यामुळे ती कुठे घ्यायची हे निवडायची मुभा आपल्याला आहे. चांगला माळ सोडून इतर जागा आधी वापरल्या तर कार्बनचे काही बिघडत नाही. जिनिंगची शेड, गोदामे, शाळा, कार्यालयांची छपरे, सबस्टेशनजवळची पीक न देणारी खासगी शेती. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे ठरवले आहे. काटोल-नरखेडकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला एखाद-दोन एकरांसाठी ते परवडू शकते. सरकारी जमीन नाममात्र दराने मिळते म्हणून सगळ्यांची नजर आधी गायरानावर जाते, एवढेच खरे कारण आहे.

सोलर निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. कुंपणाने जनावरांच्या वाटा अडतात, जमीन सपाट होते, वाहिन्या येतात. माळढोकाचे उदाहरण देशाला माहीत आहे. जड अंगाचा पक्षी, समोरचे नीट दिसत नाही, उडताना तारेवर आदळतो. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान-गुजरातमधल्या त्याच्या अधिवासात वीजवाहिन्या जमिनीखाली घ्यायला सांगितले. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने तो सरसकट आदेश बदलून तज्ज्ञ समितीकडे विषय सोपवला, आणि त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्कही मान्य केला. कुणी याला पक्ष्याचा पराभव म्हटले, कुणी सोलरचा विजय. मी त्यातून एवढे घेतले, की पॅनेल आणि तार कुठून जाते हे नकाशावर पहिल्याच दिवशी ठरवले असते तर प्रकरण कोर्टात जायची वेळ आली नसती. आपल्याही वरोऱ्याकडच्या शेतांमध्ये माळढोक होता, हे विदर्भातल्या किती जणांना आठवते?

राष्ट्रीय आणि जागतिक पातळीवर हा क्रम का चुकतो ते थोडक्यात सांगतो. १९९२ साली रिओत हवामानाचा आणि जैवविविधतेचा असे दोन वेगळे करार झाले. तेव्हापासून त्यांच्या बैठका वेगळ्या, तज्ज्ञ वेगळे, पैसा वेगळा. २०१५ चा पॅरिस करार टनांत बोलतो, २०२२ चा कुनमिंग-मॉन्ट्रियल आराखडा २०३० पर्यंत जमीन आणि समुद्राचा ३० टक्के भाग राखण्याची भाषा करतो. २०२१ मध्ये दोन्हीकडच्या शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा एकत्र बसून अहवाल दिला. एकाच जातीच्या झाडांची लागवड आणि गवताळ प्रदेशात झाडे लावणे यांनी जैवविविधतेचे नुकसान होते, हे त्यात सरळ लिहिले आहे.

भारताने २०३० पर्यंत जंगल आणि झाडांतून २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतका जादा साठा तयार करण्याचे वचन दिले आहे. आता हा साठा ज्या जंगलाच्या आकड्यांवर उभा आहे, त्यात जंगल कशाला म्हणतात बघा. एक हेक्टर किंवा जास्त जागा आणि झाडांच्या छत्राची घनता दहा टक्के किंवा त्याहून जास्त असली की ती वनाच्छादनात येते. जात कुठली, मालक कोण, हे विचारले जात नाही. म्हणजे तुमच्या शेजारची संत्र्याची जुनी बाग या व्याख्येत बसू शकते, आणि शेकडो वर्षे जुना गवताळ माळ बसत नाही. तो पडीक जमिनींच्या नकाशात जातो. एकदा ‘पडीक’ म्हटले की तिथे काहीही लावणे ही सुधारणाच ठरते. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या ग्रीन क्रेडिट योजनेची (पडीक जमिनीवर झाडे लावून क्रेडिट मिळवायची) जी पद्धत आली तिच्यात हेक्टरी किमान ११०० झाडांची अट होती. आपल्या झुडपी माळावर निसर्गाने कधी हेक्टरी ११०० झाडे लावलेली नाहीत. माझे सगळ्यात कळकळीचे म्हणणे इथे आहे. ही व्याख्या बदलल्याशिवाय खालच्या पातळीवर कितीही प्रामाणिक अधिकारी असला तरी तो खड्डेच मोजणार, कारण त्याला तेच विचारले जाते.

मग झाडे लावायचीच नाहीत का? असे नाही, आणि इथे जागेवर फार अवलंबून आहे. तुमच्या गायरानात एखाद्या नाल्याच्या कडेने, घळीत, माती खोल असलेल्या पट्ट्यात मोह, तेंदू, धावड्याचे जुने खुंट असतील, तर तिथे कधीकाळी जंगल होते. तिथे जंगल परत यायला हवे आणि ते आणायला रोपेसुद्धा फार लागत नाहीत. अशा जागी आम्ही पाच-सात वर्षे चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि उन्हाळ्यात जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत काढलेला पट्टा) एवढेच करतो. जिवंत खुंटांतून जे फुटते ते नर्सरीतल्या रोपापेक्षा कितीतरी जोमाने वाढते, कारण त्याची मुळे आधीच खाली पोहोचलेली असतात. खर्च रोपवनाच्या मानाने थोडा येतो, आणि फुटणारी प्रत्येक जात तिथलीच असते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने तर सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला, की उभे जंगल गावाने राखले तर त्यातून बांबूही विकता येतो आणि जंगलही राहते. माळावर मुद्दाम लावलेला बांबू आणि जंगलातला तिथलाच बांबू यांत हा फरक आहे. बांबूशी माझे वैर नाही. तो बांधावर, ओढ्याकाठी, खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर अवश्य लावा. उमरेड, वणीकडे असे ढिगारे भरपूर आहेत आणि तिथे गमवायला काही उरलेले नाही. औष्णिक केंद्रांत कोळशाबरोबर जैवइंधन जाळायचे असेल तर आधी आपल्या पऱ्हाटी (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) आणि तुराट्या आहेत. दरवर्षी शेताच्या धुऱ्यावर त्या पेटवून देतो आपण. त्यांच्यासाठी एक एकरही नवी जमीन लागत नाही.

तुमच्या बाबतीत काय करायचे, ते आता सांगतो.

सगळ्यात आधी सातबारा, निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक जमिनींवरच्या हक्कांची नोंद) आणि जुनी महसुली नोंद काढा. जमीन ‘गायरान’ आहे की ‘झुडपी जंगल’ (विदर्भातल्या महसुली नोंदींतली झुडपांची जमीन)? काही गावांत एकाच पट्ट्यात दोन्ही असतात. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातल्या सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जमिनी वन म्हणूनच धरायच्या असा निर्णय दिला. तुमच्या साठ एकरांतला काही भाग त्यात असेल तर ग्रामपंचायतीच्या ठरावावर ना सोलर येऊ शकते ना खासगी लागवड, केंद्राची वन परवानगी लागेल. त्याच निकालात, बिगरवन जमीन उपलब्ध नाही असे मुख्य सचिवांनी प्रमाणित केल्याशिवाय झुडपी जमीन पर्यायी वनीकरणासाठी (दुसरीकडे गेलेल्या जंगलाच्या बदल्यात झाडे लावण्यासाठी) वापरू नये असेही आहे. मध्यस्थाला हे माहीत असेलच असे नाही. आणि नुसते गायरान असले तरी २०११ च्या जगपाल सिंह प्रकरणापासून गावाच्या सामाईक जमिनींवर न्यायालयांची नजर कडक आहे.

मग चराईचा हिशेब. गावात किती ढोरं, किती शेळ्या, त्यातली किती याच माळावर आणि कोणत्या महिन्यांत? माळ बंद झाला की ढोरं नाहीशी होत नाहीत, ती शेजारच्या राखीव जंगलात जातात. कार्बनवाले याला ‘लीकेज’ म्हणतात, इकडची बचत तिकडे गळून जाते. उमरेड-भिवापूरच्या बाजूला ढोरं जंगलात गेली की पुढचा प्रश्न वाघाचा असतो. तुमच्याकडे बिबट्याचा असेल.

बांबूच्या करारात मला तीन गोष्टी लिहून हव्या असतात. आग लागून झाडे गेली तर नुकसान कुणाचे, तीस वर्षांत कंपनी बदलली किंवा बुडाली तर जमिनीचे काय, आणि क्रेडिट विकून आलेल्या पैशातला गावाचा वाटा ठोक रकमेत की विक्रीच्या हिश्श्यात. यातले एक जरी मोघम असेल तर बोलणी तिथेच थांबवा. खरे सांगायचे तर मुरमाड माळावर, उभ्या गवताच्या जागी असा करार मी कुठल्याच अटीवर सुचवणार नाही.

सोलरबद्दल माझे मत वेगळे आहे. नागपूरचा मे महिना ज्याने उघड्यावर काढला आहे त्याला हवामान बदल समजावून सांगावा लागत नाही, आणि त्या उष्णतेने तुमचे गवतही मरते. दिवसा शेतीला वीज मिळणे शेतकऱ्याच्या जिवाचे आहे. रात्री पाणी ओलायला जाऊन सापावर पाय पडलेली माणसे मला माहीत आहेत. म्हणून नाही म्हणू नका, जागा बदलून मागा. आधी खासगी जमिनीचे पर्याय ग्रामसभेत लेखी मांडा. गायरानातलीच जागा द्यावी लागली तर आधीच खरवडलेली, मुरूम खणून नेलेली किंवा अतिक्रमणात नांगरली गेलेली दहा एकर द्या, गावाकडच्या कडेची. मधला सलग माळ फोडू देऊ नका, कारण तुकडे झालेल्या माळावर जमिनीवर अंडी घालणारे पक्षी टिकत नाहीत. जमीन सपाट न करता खांब रोवायचे, कुंपण खालून फूटभर मोकळे ठेवायचे, पॅनेलखाली गवत राहू द्यायचे आणि ते कापून न्यायचा हक्क गावाचा, या अटी आताच ठरावात घाला. एकदा काम सुरू झाले की कुणी ऐकत नाही.

गावाला पैसा हवा आहे, हेही मला दिसते. अकोला-वाशिमच्या माळांवर फासेपारधी समाजाच्या लोकांनी तणमोर या माळावरच्या दुर्मिळ पक्ष्यासाठी गवत राखले, हे काम झाले आहे, पण तिथेही राखणाऱ्याच्या पोटाचा प्रश्न सुटायला वेळ लागला. माळ राखल्याबद्दल गावाला पैसे देणारी पक्की व्यवस्था आपल्याकडे अजून उभी नाही, आणि धोरणातली ही उणीव मला सगळ्यात जास्त खुपते. तोवर गवताची आळीपाळीने कापणी आणि चारा विक्री हा मार्ग आहे. मारवेल-पवन्याचे चांगले गवत उन्हाळ्यात गोठ्यांना हवेच असते. त्यातून बांबूच्या कागदावरच्या आकड्याइतके मिळणार नाही, पण ते दरवर्षी मिळते आणि जमीन गावाचीच राहते.

घाई करायला सांगितले तर करू नका. पावसाळा संपू द्या. पोळ्यानंतर गवत निसवायला लागते, कोजागिरीपर्यंत तुरे येतात आणि जाती ओळखता येतात. त्या पंधरवड्यात गावातला एखादा जुना ढोरकी, शाळेतली चार मुले आणि काठ्यांची चौकट घेऊन माळाच्या वीस ठिकाणी मोजणी करा. थंडीत संध्याकाळी पुन्हा जा, भोवत्या हे शिकारी पक्षी गवतात रात्रीच्या मुक्कामाला उतरतात का बघा. मार्चनंतर टिटवी आणि धाविक उघड्या मुरमावर कुठे अंडी घालतात त्या जागांना नकाशावर खुणा करा. हे सगळे ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत चढवा. ती नोंदवही कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी, बहुधा कपाटात कुठेतरी असेलही. सातबाऱ्याचा उतारा आणि पहिल्या मोजणीचे फोटो इथे टाकलेत तर गवताच्या जाती मी ओळखून देईन. तोवर कोणत्याही ठरावावर सही करू नका.